सतरा फुल्या

आगीच्या दाव्यात माणूस पहिलं वाक्य कुठलं बोलतो हे श्यामकांत उपासनींना तोंडपाठ होतं. "साहेब, आग लागली तेव्हा मी तिथं नव्हतोच."

सरकारी विमा कंपनीत एकतीस वर्षं, त्यातली बावीस जयपुरात. एवढ्या काळात हे वाक्य त्यांनी हिंदीत, मारवाडीत, सिंधीत आणि एकदा चक्क मराठीतही ऐकलं होतं. मालक लग्नाला गेलेला असायचा, मुनीम जेवायला, चौकीदार आडोशाला. जळालेल्या गोदामात आगीशिवाय कुणी हजर म्हणून नसायचं. उपासनी शांतपणे ऐकून घ्यायचे, चष्मा पुसायचे आणि विचारायचे, "बरं, आग राहू द्या. शेवटचा हात कुणाचा लागला होता?" मग रजिस्टर मागवायचे. रजिस्टर स्वच्छ असलं, एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखं असलं आणि वर बेरीजही बिनचूक आलेली असली, की त्यांना मनातून उकळ्या फुटायच्या. खऱ्या दिवसांवर डाग असतात. मागून लिहिलेल्या दिवसांवर नसतात.

निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. मालवीय नगरातल्या त्यांच्या इमारतीत कोण पाण्याची मोटर चालू ठेवून झोपतो, कुणाकडे गेलेला डबा रिकामा परत येतो, गणपतीच्या आरतीला कोण नेमका प्रसादाच्या वेळी उगवतो, सगळं त्यांच्या डोक्यात नावानिशी नोंदलेलं असायचं.

"तुमची ही वही एकतर्फी आहे," प्रभाताई म्हणायच्या. "तुमच्या नावाचं पान कुठं आहे तिच्यात?"

"माझ्या नावावर नोंदवण्यासारखं काही घडत नाही, त्याला मी काय करू?"

ते घडलं खंडेनवमीला, सकाळी साडेअकराच्या सुमारास, सीतापुऱ्यात.

त्यांची मुलगी भार्गवी हिची सीतापुरा औद्योगिक वसाहतीत एक शेड होती. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती दोन वर्षांपूर्वी जयपूरला परत आली आणि लोकांच्या मेलेल्या बॅटऱ्या गोळा करायला लागली. ई-रिक्षांच्या, स्कूटरच्या, इन्व्हर्टरच्या, सगळ्या लिथियमच्या. बस्सीच्या पुढं एका भंगारवाल्याच्या अंगणात तिनं बायकांना हातोडीनं बॅटऱ्या फोडताना पाहिलं होतं. शेजारच्या हौदात पाण्यावर रंगीत तवंग होता आणि त्याच पाण्यात कुणीतरी कोथिंबीर धूत होतं. "तेव्हापासून मला कोथिंबीर खाववत नाही," एवढंच ती सांगे. तिच्या शेडमध्ये बॅटऱ्या शिस्तीत खोलल्या जात. तांबं वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं, आणि आतून निघणारी काळी पूड डब्यात बंद होऊन पुढं गुजरातेत जाई. तिथं त्या पुडीतून लिथियम, निकेल, कोबाल्ट परत काढत. "खाण न खणता खाण," असं ती म्हणे. उपासनींनी हे ऐकून वाळूच्या बादल्या किती आहेत ते मोजलं होतं. अकरा.

खंडेनवमीला अवजारांची पूजा. प्रभाताईंनी आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं, "तुझ्या कारखान्यात यंदा आपल्या पद्धतीनं पूजा होईल. पक्कड असो नाही तर मीटर, पोटाला देणारी वस्तू आहे." त्याप्रमाणे दोघं रांगोळी, झेंडू आणि पेढे घेऊन हजर झाले.

भार्गवीनं त्यांना आत आणताना घाईघाईत सगळं सांगितलं होतं. "बाबा, बॅटरी मेली मतलब रिकामी झाली असं नसतं हं. रिक्षा ओढता येत नाही म्हणून लोक फेकून देतात, पण आत जोर शिल्लक असतो. तशीच खोलली आणि पक्कड चुकीच्या ठिकाणी टेकली, तर भडका. पाण्यानं सहज विझत नाही, आणि धूर इतका वाईट की दोन श्वासात माणूस आडवा. म्हणून आधी ते दिवे आहेत ना, ट्रकचे जुने हेडलाइट, त्यांना जोडून सगळा जोर काढून घ्यायचा. दिवे विझले, मीटरनं मोजलं, की खडूनं एक रेघ. पण हे मेलं परत थोडं वर चढतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. तेव्हाही ठीक आलं तर दुसरी रेघ. झाली फुली. फुली असेल तीच रणजित खोलतो. एक रेघवाली नाही, कोरी तर नाहीच नाही."

"खडूनं?" उपासनींनी भुवया उंचावल्या होत्या. "रजिस्टर नाही?"

"आहे ना. पण जुन्या मालावर नंबरच नसतात. घासून गेलेले असतात. पुढच्या महिन्यात पत्र्याचे बिल्ले येतायत." एवढ्यात बगरूहून जुन्या बॅटऱ्यांचा ट्रक आल्याचा फोन आला आणि भार्गवी रणजितला घेऊन काट्यावर वजन करायला गेली.

रणजित हा तिचा मुख्य कारागीर. पस्तिशीचा, बारीक अंगाचा, बोटं सोनारासारखी. सव्वीस बॅटऱ्या शेडमध्ये होत्या. जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे काही, पलीकडे काही, सगळ्या धुळीनं माखलेल्या. प्रभाताईंनी पाट मांडला, त्यावर पकडी, पाने आणि मीटर ठेवलं आणि फोनवर एक फोटो काढला. मग त्या तोंड वाकडं करून म्हणाल्या, "अहो, मागं हे सगळं किती मळकट दिसतंय! देवाच्या कामाला असं?"

उपासनींना सांगायचा अवकाश. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि एकेक बॅटरी निगुतीनं पुसायला लागले. पुसून झालेली उचलून उंचीप्रमाणे लावायची. ठेंगण्या पुढं, उंच मागं, शाळेच्या फोटोसारखं. पिवळा पट्टा रांगोळीच्या आड येत होता, तेव्हा त्यांनी तोही ओलांडला. वीस मिनिटांत अशी रांग उभी केली की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

तेवढ्यात शटरबाहेर भार्गवीचा आवाज आला. ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो हो, सतरा तयार आहेत. फुली मारलेल्या."

उपासनींनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. फडकं खडूनं पांढरं झालं होतं.

आगीचे शेकडो पंचनामे केलेला माणूस. त्या क्षणी त्यांना काय सुचायला हवं होतं? शटर उघडून "भार्गवी, घोटाळा झाला" असं म्हणायला दहा पावलं लागली असती. पण काट्यावरून आलेले दोन परके ड्रायव्हर तिच्याबरोबर होते, रणजित होता, आणि "रजिस्टर नाही?" असं भुवया उंचावून विचारून अर्धा तासही झाला नव्हता. खिडकीच्या कठड्यावर खडू पडला होता. प्रभाताई पाठमोऱ्या बसून रांगोळीत हळद भरत होत्या.

त्यांनी खडू उचलला. ही निळ्या पट्ट्याची, हिच्यावर होती. ही? बहुतेक. त्या कोपऱ्यातल्या चारींवर नक्की. एक, दोन, पाच, अकरा. मग पंधरावर आठवण संपली आणि आकडा उरला. सतरा. भार्गवी सतरा म्हणाली. त्यांनी आणखी दोघींवर फुली मारली, पाच-सहा ठिकाणी एकेक रेघ ओढली आणि खडू जागच्या जागी ठेवला. शटर वर गेलं.

"अरे वा!" भार्गवी दारातच थांबली. "बाबा, काय चकाचक केलंत!"

"बाबूजी ने तो दुल्हन बना दी," रणजित हसला.

भार्गवीची नजर रांगेवरून फिरली. "पुसताना फुल्या सांभाळल्यात ना?"

"म्हणजे काय? तेवढी जागा सोडूनच पुसलं." हे वाक्य तोंडातून इतक्या सहज निघालं की उपासनींना स्वतःच्या आवाजाचा धक्का बसला.

"आणि जागा बदललीत सगळ्यांची."

"पूजेपुरती. खूण आहे ना वर? मग जागेचं काय एवढं!"

भार्गवीनं मान हलवली. आयुष्यभर लोकांची खोटी रजिस्टरं पकडणाऱ्या बापावर कुठली मुलगी संशय घेईल? आरती झाली, पेढे वाटले गेले, प्रभाताईंनी दुसरा फोटो काढला.

संध्याकाळी जेवताना उपासनींना भाजी अळणी लागली. भाजीत मीठ होतं. ते मनाशी घोकत राहिले, सतरा होत्या, सतरा आहेत. काम परवा सुरू होणार. तोवर काहीतरी सुचेल. नाही सुचलं तर ते उपासनी कसले! झोपेत ते रात्रभर फुल्या मोजत होते, आणि दर वेळी बेरीज बरोबर येत होती.

दसऱ्याच्या सकाळी दहाच्या आतच नंदकिशोर आणि शालिनी सोनं द्यायला आले. नंदकिशोर बँकेत अधिकारी, चार वर्षांपूर्वी नागपूरहून बदली होऊन आलेला. जयपुरात आपटा मिळायची मारामार, म्हणून इथली मराठी मंडळी कचनारची पानं देतात. तशीच जोडपानं, थोडी मोठी इतकंच. कुणी हरकत घेत नाही.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," नंदकिशोर वाकून म्हणाला. "काका, चेहरा का असा? विमा लॅप्स झाला की काय?"

"रात्री झोप नाही झाली."

"प्रभाकाकू, तुमचे फोटो पाहिले हो ग्रुपवर!" शालिनीनं फोन पुढं केला. "आधीचा आणि नंतरचा, दोन्ही टाकलेत. काय फरक! काकांना पाठवून द्या एक दिवस आमच्याकडे, माळा आवरायचाय."

उपासनींनी फोन हातात घेतला. आधीच्या फोटोत पाटामागं धुळकट बॅटऱ्या होत्या, चौकटीत आलेल्या जेमतेम सात. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. निळ्या पट्ट्याची, डावा कोपरा चेपलेली. हिच्यावर होती ना फुली, नक्की होती?

कोरी होती. धूळ आणि धुळीत कुणाच्या तरी बोटाचा ओरखडा. खडूचा कणसुद्धा नव्हता.

त्यांनी दुसरा फोटो उघडला. तीच बॅटरी, तोच चेपलेला कोपरा, पहिल्या रांगेत मधोमध, नवरीसारखी. अंगावर ठसठशीत फुली, त्यांच्याच हाताची, जरा उजवीकडे झुकलेली.

सातातली एक. उरलेल्या एकोणीस फोटोत नव्हत्याच. तिथं किती?

"काका, फोन परत मिळेल का?" शालिनी हसत होती.

"हं? हो, हो." त्यांनी फोन दिला. उद्या सकाळी, ते मनाशी म्हणाले. काम उद्या नऊला सुरू होतं. आज भार्गवीला बाजूला घेऊन...

"भार्गवी कुठं आहे?"

"अहो, ती मघाशीच गेली की सीतापुऱ्याला. तुम्ही आंघोळीला होतात." प्रभाताई करंजीची ताटली पुढं करत म्हणाल्या. "मीच सांगितलं तिला. दसऱ्याला पूजेतली अवजारं हलवायची असतात, थोडं का होईना काम करायचं. रणजित येणार आहे. मुहूर्त म्हणून तीन-चार बॅटऱ्या खोलतील नि घरी येतील. बाराचा आहे मुहूर्त."

घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

उपासनी गॅलरीत गेले आणि फोन लावला. तीन रिंग झाल्या.

"बोला बाबा."

"भार्गवी..." खाली रस्त्यावर पोरं कागदी रावण घेऊन पळत होती. "तू... नाश्ता केलास का?"

"केला ना. का?"

"नाही, सहजच. ते रणजित... तो आला का?"

"येतोय. बाबा, एक मिनिट, चौकीदार बोलावतोय. नंतर बोलू?"

"हो, हो. नंतर बोलू."

फोन बंद झाला. उपासनी फोनकडे बघत उभे राहिले. शेकडो माणसांना समोर बसवून त्यांनी कबुलीचं एकच वाक्य वदवून घेतलं होतं, आणि ते किती जड असतं हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी परत लावला. रिंग जात राहिली, कुणी उचलला नाही. मग त्यांना आठवलं. खोलण्याच्या जागी फोन चालत नाही, तिथं जाण्याआधी सगळे फोन बाहेरच्या पेटीत. हा नियम त्यांनीच सुचवला होता.

ते चपला घालू लागले.

"कुठं निघालात?" प्रभाताई मागून आल्या. "पाहुणे बसलेत."

"सोनं द्यायचं राहिलं एकाला."

प्रभाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सोनं द्यायला निघालात, आणि पानं इथंच?" त्यांनी मूठभर कचनारची पानं त्यांच्या खिशात कोंबली. "तोंडावरून माणूस ओळखायला मी तुमच्याकडूनच शिकले, बरं का. जा. नंतर सांगा."

ॲपवर गाडी मिळेना. नाक्यावर एक ई-रिक्षा उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. उपासनी तिच्यात बसले. त्यांच्या सीटखाली एक बॅटरी होती, हे त्यांना बसल्यावर लक्षात आलं.

"सीतापुरा. जल्दी."

"बाबूजी, ये जल्दी नहीं चलती," ड्रायव्हर म्हणाला. "ये बस चलती है."

टोंक रोडवर विकायला उभे केलेले रावण कडेनं दाटीवाटीनं उभे होते, दहा-दहा तोंडांचे, मिशांना नवा रंग. लोक भाव करत होते. एका जीपच्या टपावर आडवा बांधलेला रावण त्यांच्या बाजूनं गेला, त्याची एक भुवई वर होती. उपासनींनी नजर फिरवली. कागद, बांबू, आत फटाके, संध्याकाळी काडी. रणजितच्या हातातला पाना कसा धरलेला असतो ते त्यांनी मागं एकदा पाहिलं होतं. अंगठा आणि दोन बोटं. तो आधी चारी कोपऱ्यांचे स्क्रू काढतो, मग झाकण उचलतो, मग पत्र्याच्या पट्ट्या कापतो. पट्ट्या कापेपर्यंत काही होत नाही. मग एक पट्टी दुसरीला टेकते.

सांगानेरला रिक्षा मंदावली. "बाबूजी, बैटरी यहीं तक की है. सुबह से चल रही है."

"म्हणजे?"

"मतलब उतरना पड़ेगा."

उपासनी उतरले. अकरा वाजून दहा मिनिटं. बसची वाट बघण्यात वीस मिनिटं गेली. बसमध्ये त्यांना उभं राहावं लागलं. ते वेळेचा हिशेब करायला लागले, मग करणं सोडून दिलं. हिशेबानं इतक्यात त्यांचं काही भलं केलं नव्हतं. सीतापुऱ्याच्या फाट्यावरून शेडपर्यंत ते चालत गेले, म्हणजे जवळजवळ धावत. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला जे धावणं वाटतं, तसं. सुट्टीमुळं वसाहत रिकामी होती. एका बंद फाटकाच्या सावलीत दोन कुत्री झोपली होती. कुठूनही धूर दिसत नव्हता, आणि तरी ते आभाळाकडे पाहत होते.

चौकीदार उठून उभा राहिला. "राम राम बाबूजी, मुहूर्त तो..."

उपासनी त्याला ओलांडून आत गेले.

बारा वाजायला सात मिनिटं होती, पण मुहूर्त थोडा आधीच साधला गेला होता. खोलण्याच्या टेबलावर जाड रबराची चटई, चटईवर एक बॅटरी. बाजूला काढलेले तीन स्क्रू एका वाटीत. रणजित चौथ्यावर पाना लावत होता. भार्गवी समोर उभी होती, कपाळाला कुंकू. टेबलावरच्या बॅटरीला निळी पट्टी होती.

"थांब!" उपासनींना वाटलं आपण ओरडलो. आवाज कसातरीच निघाला. "रणजित, रुको. हाथ हटाओ."

रणजितनं पाना उचलला. दोघंही बघत राहिले.

"बाबा? काय झालं? आईला...?"

"आई ठीक आहे." त्यांनी दाराची चौकट धरली. दम लागला होता, पण दमाची सबब मोठी सोयीची होती, आणि त्यांनी ती घेतली नाही. "फुल्या मी पुसल्या. काल. सगळ्या. आणि परत काढल्या त्याही मीच. आठवून. ही कोरी होती. फोटोत कोरी आहे. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

शेडमध्ये पंखा फिरत होता. रणजितनं पाना चटईवर ठेवला, फार हळू, जणू तोही भरलेला होता. मग तो दोन पावलं मागं सरकला.

पूजेच्या पाटावरून मीटर उचलून भार्गवीनं त्यावरचं झेंडूचं फूल काढलं आणि तारा बॅटरीच्या टोकांना लावल्या. आकडा तिनं वाचला नाही. मीटर नुसतं वडिलांकडे वळवलं.

अठ्ठावन्न व्होल्ट.

"रिकामी असती तर शून्याजवळ पाहिजे होतं," ती म्हणाली. मग पुढच्या बॅटरीकडे गेली. मग पुढच्या.

सव्वीस बॅटऱ्या मोजायला चाळीस मिनिटं लागली. सतरा फुल्यांपैकी पाच खोट्या निघाल्या. उपासनींना वाटलं होतं एक असेल, फार तर दोन. ज्या चार कोपऱ्यातल्या "नक्की" होत्या, त्यातल्या दोन त्या पाचांत होत्या. आणि ज्या खरोखर तयार होत्या, त्यातल्या पाच बिचाऱ्या एक रेघ घेऊन मागच्या रांगेत उभ्या होत्या.

"काल दुपारी तुम्हाला सांगता आलं असतं," भार्गवी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ऐकायला जास्त वाईट होता. "गाडीतून घरी जाताना सांगता आलं असतं. रात्री माझ्यासमोर बसून जेवलात. आज सकाळी फोन केलात, नाश्ता विचारलात. चार वेळा, बाबा."

"हो."

"रणजितची मुलगी अकरा वर्षांची आहे."

"हो."

"नुसतं हो म्हणू नका ना!" आता मात्र तिचा आवाज फुटला, आणि ती पाठ करून दिव्यांच्या तारा सोडवायला लागली.

रणजितनं मध्येच खाकरून टेबलाखालचं स्टूल ओढलं. "बैठिए बाबूजी. आप तो लाल हो गए." मग जरा थांबून, "तीन पेच खुल गए थे. चौथे में ज़ंग लगा था, इसलिए टाइम लगा. ज़ंग को प्रसाद चढ़ाइए."

उपासनी बसले. हात कुठं ठेवावे कळेना, तेव्हा खिशात गेले आणि चुरगळलेली पानं लागली. त्यांनी त्यातलं एक बरं पान निवडून रणजितपुढं धरलं. "हे... आज के दिन देते हैं हम लोग. सोना."

रणजितनं पान उलटंपालटं केलं. "ये तो कचनार है."

"आज सोना मानते हैं."

"अच्छा," रणजित म्हणाला. "मतलब बाबूजी कल से जो चीज़ जो नहीं है, उसको वही बता रहे हैं."

भार्गवीच्या पाठमोऱ्या खांद्यांत काहीतरी हललं. हसू की रडू, उपासनींना ओळखता आलं नाही, आणि त्यांनी अंदाज बांधला नाही. रणजितनं पान खिशात ठेवलं.

निळ्या पट्ट्याची बॅटरी दिव्यांना जोडली गेली. भिंतीवरच्या दोन्ही रांगांतले ट्रकचे हेडलाइट भर दुपारी एकदम पेटले, इतके की तिघांनीही डोळे बारीक केले. सगळी शेड पांढरी झाली. उपासनी त्या उजेडाकडे बघत राहिले. एवढं त्या चेपलेल्या डब्यात होतं, आणि त्यावर त्यांनी शांत हातानं फुली मारली होती.

भार्गवीनं रजिस्टर आणि पेन त्यांच्या मांडीवर ठेवलं. "दिवे विझेपर्यंत इथून उठायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी मोजायचं आणि लिहायचं. आणि वर काय झालं ते लिहायचं. सगळं."

"कुठल्या तारखेनं?"

"आजच्या, बाबा. कालच्या तारखेनं काही लिहायचं नाही."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. पहिलं वाक्य सुचायला वेळ लागला. मग त्यांनी लिहिलं, 'चूक झाली तेव्हा मी तिथंच होतो. शेवटचा हात माझा.' एक शब्द खोडावा लागला, आणि पानावर शाईचा डाग पडला. तो त्यांनी पुसला नाही.

प्रभाताईंचा फोन आला तेव्हा भार्गवी बाहेर जाऊन बराच वेळ बोलली. परत आली ती डबा घेऊन, चौकीदाराच्या घरच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. तिघांनी एकाच कागदावर खाल्लं, दिव्यांपासून लांब बसून. अडीचला आकडा छप्पन होता. सव्वातीनला पंचावन्न. चारनंतर दिवे पिवळे झाले, मग नारिंगी, मग तारेपुरते लाल. बाहेर कुठंतरी ढोल वाजायला लागले होते, रावण न्यायला लोक जमत असावेत. खोट्या फुलीच्या बाकीच्या चार बॅटऱ्या अजून रांगेत होत्या. आज त्यांची पाळी येणार नव्हती. भार्गवीनं त्यांना पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे नेऊन ठेवलं आणि पट्ट्यालगत दोरी बांधली.

साडेपाचच्या सुमाराला शेवटचा दिवा गेला. उपासनींनी मीटर लावलं, आकडा वाचला, भार्गवीला दाखवला, रणजितला दाखवला, मग लिहिला. भार्गवीनं खडू पुढं केला.

त्यांनी एक रेघ ओढली. हात सवयीनं दुसऱ्या रेघेसाठी वळला.

"वो कल," रणजित म्हणाला.

"कल," उपासनी म्हणाले, आणि खडू कठड्यावर ठेवण्याऐवजी भार्गवीच्या हातात दिला.